मोठा जिताडा हातचा जाऊ नये म्हणून: कोकणात निघण्याआधीची घरची तयारी

जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर रोहू-कटला धरून हात बसलेले आपल्याकडचे बरेच जण दिवाळीनंतर कोकणात जातात, खाडीच्या तोंडाशी गळ टाकतात आणि लागलेला पहिलाच मोठा मासा गमावून परत येतात. माझंही तेच झालं. रेवदंड्याला, कुंडलिकेच्या मुखाशी जिताडा लागला. एकदा पाण्याबाहेर उसळला, तोंड उघडून मान झटकली आणि दोरी सैल पडली. ओढून घेतली तेव्हा तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीचं, टोक डुकराच्या शेपटासारखं वळलेलं होतं. म्हणजे दोरी तुटली नव्हती, माझी गाठ सुटली होती. आणि ती गाठ मी आदल्या रात्री लॉजच्या मिणमिणत्या दिव्यात, घाईघाईत मारली होती.

तेव्हापासून मासा सुटला की मी आधी टोक बघतो. वळलेलं असेल तर गाठ सुटली. पांढरं, खरखरीत असेल तर खडकावर किंवा माशाच्या ओठांवर घासलं. सुरीने कापावं तसं स्वच्छ असेल तर कालवांनी नाहीतर जिताड्याच्या कल्ल्यावरच्या धारदार झाकणाने कापलं. गळच सरळ होऊन आला असेल तर तार बारीक होती. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा बंदोबस्त निघण्याच्या चार दिवस आधी घरीच करता येतो.

आधी रॉडच्या कड्या बघा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे चीर आहे. अशी कडी ब्रेडला, म्हणजे बारीक धाग्यांच्या विणलेल्या दोरीला, प्रत्येक फेकीत थोडी थोडी कापत असते. ती बदलून घ्या. पॉलिश करून भागत नाही.

मग रिळावरची दोरी. मागच्या वर्षीचा तंगूस उन्हाने कमजोर झालेला असतो, तो काढून टाका. खाडीसाठी मी 30 पाउंडाची ब्रेड वापरतो, म्हणजे तुटायला साधारण साडेतेरा किलोचा ताण लागतो. रिळाच्या गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळतात त्या फिरकीवर, ब्रेड थेट बांधली तर मोठ्या माशाच्या ओढीला सगळी गुंडाळीच गोल फिरते आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी ताणाखाली सोडणारा रिळाचा ब्रेक, बिघडला असं वाटतं. म्हणून तळाशी थोडा तंगूस गुंडाळा आणि त्यावर ब्रेड. ब्रेड भरताना ओल्या फडक्यातून, चिमटीत घट्ट धरून भरा. सैल भरली तर ताणाखाली वरचा पदर खालच्या पदरांत रुततो. स्पूलच्या काठापासून दोनेक मिलिमीटर जागा सोडा.

लीडर, म्हणजे ब्रेड आणि गळ यांच्यामधला जाड दोरीचा तुकडा, आणि त्याची गाठ. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. धरणात ब्रेडला थेट गळ बांधला तरी एखादे वेळी खपून जातं. खाडीत खडकांवर कालवं, कडेला तिवरांची मुळं आणि जिताड्याचे ओठ पॉलिश पेपरसारखे. ब्रेड यातलं काहीच सोसत नाही. म्हणून पुढे 40 ते 50 पाउंडाच्या फ्लोरोकार्बनचा (तंगुसासारखीच एकेरी, पण घासणं सोसणारी दोरी) मीटर-दीड मीटर लीडर हवा. तांबोशी माशासाठी जाडच घ्या, कारण ती लागल्याबरोबर कपारीत घुसते.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिका. तिच्यात लीडर दुमडावा लागत नाही, त्यामुळे ती बारीक राहते आणि कड्यांतून न अडकता जाते. ब्रेड ताठ ताणून धरा. लीडरचं टोक तिच्यावरून एकदा वरून, एकदा खालून असं वीसेक वेळा फिरवा, वेणी घालताना पेड आलटून-पालटून येतात तसं. वेढे एकमेकांवर चढू देऊ नका. मग ब्रेडच्या मोकळ्या टोकाने ब्रेड आणि लीडर दोन्हींना धरून दोन अर्धगाठी मारा, थुंकीने ओलं करा आणि हाताला फडकं गुंडाळून जोर लावून ओढा. ब्रेड नीट चावली की तिचा रंग गडद होतो. रंग फिका राहिला तर गाठ बसलेली नाही. सोडा आणि पुन्हा मारा. रंग बदलल्यावर लीडरचं उरलेलं टोक गाठीलगत कापा, नुसत्या ब्रेडवर आणखी पाच-सहा अर्धगाठी मारा आणि संपवा. मला जमायला दोन संध्याकाळी लागल्या. अंगणात, दिवसाउजेडी बसून शिका.

गळ आणि त्याच्या कड्या. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर बारीक कानस मारा किंवा गळ बदला. नकली माशांसोबत आलेले तीन तोंडांचे गळ बरेचदा बारीक तारेचे असतात. त्यांच्या जागी जाड तारेचे आणि समुद्रासाठी बनवलेले गळ घाला, गळ अडकवायच्या कड्या, म्हणजे स्प्लिट रिंगही, त्याच ताकदीच्या घ्या. नंतर तो नकली मासा बादलीभर पाण्यात सोडून बघा. वजन वाढल्यामुळे तरंगणारा मासा बुडायला लागला असेल तर एक माप लहान गळ लावा.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. दोरी रॉडच्या कड्यांतून ओवून घ्या आणि टोकाला सामान तोलायचा हातकाटा बांधा. काटा लिंबाच्या झाडाला अडकवा, रॉड तिरपा धरा आणि मागे सरका. दोरी सुटायला लागते तेव्हाचा आकडा कुणालातरी वाचायला सांगा. दोरीच्या ताकदीच्या पाव हिस्सा ठेवा, म्हणजे 30 पाउंडाला सुमारे साडेतीन किलो. बोटांनी ओढून बघितलेला ड्रॅग मला नेहमी पुरेसा वाटायचा. काट्यावर तो दीड किलोसुद्धा भरला नाही. सुटणारी दोरी एकसारखी जायला हवी. झटके देत असेल तर ड्रॅगच्या चकत्या साफ करून घ्या, कारण जिताडा त्याच झटक्याला सुटतो. आणि मासा लांब पळत असताना ड्रॅग आवळू नका. स्पूलवरची दोरी कमी होते तसा ताण आपोआप वाढत असतो.

जाळी विसरू नका, तोंड मोठं असलेलीच घ्या. लीडर हाताला गुंडाळून मासा वर ओढायची आपली सवय खाडीत अंगाशी येते.

तिथे पोहोचल्यावर प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा हातभर भाग बोटांत धरून फिरवा. खरखर लागली की तेवढा कापा आणि गळ नव्याने बांधा, दुसरा मासा समोर उसळत असला तरी. संध्याकाळी रॉड-रीळ तसंच गाडीत टाकून साडेतीनशे-चारशे किलोमीटर घरी आणू नका. मीठ वाटेतच आपलं काम करतं. ड्रॅग आवळून तांब्याभर गोडं पाणी हलकेच वरून सोडा, जोराच्या धारेने मीठ आत जातं. पुसा, सावलीत वाळवा आणि ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर चकत्या दबून राहतात.