पनीरच्या पाण्यातून कॅल्शियम लॅक्टेट

गोव्यात फोंड्यातला मिठाईवाला असो की सत्तरी तालुक्यात घरचं दूध फाडणारं कुटुंब, पनीर काढल्यावर उरलेली निवळी बहुतेकदा मोरीत जाते. लिटरभर निवळीत ४५ ते ५० ग्रॅम लॅक्टोज असतं. ती ओहोळात गेली की पाण्यातले जंतू ही साखर खाताना तिथला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. हीच साखर दह्याच्या जिवाणूंना दिली तर हाती उपयोगी रसायन येतं.

लिंबाऐवजी आंबट ताकाने फाडलेल्या दुधाची निवळी घ्या. लिंबातलं सायट्रिक आम्ल पुढे कॅल्शियमशी जुळून गाळ करतं. निवळी उकळा, वर येणारी प्रथिनं फडक्यातून गाळून काढा. ४२ अंशांपर्यंत निवली की लिटरमागे दोन मोठे चमचे ताजं योगर्ट (जास्त उबेत वाढणाऱ्या जिवाणूंचं दही) घाला. भांडं थर्मोकोलच्या पेटीत गरम पाण्याच्या बाटल्यांसोबत ठेवा, कारण आपल्याकडची ३० अंशांची हवा या जिवाणूंना थंडच पडते.

आता खरी मेख. जिवाणू लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल करतात, पण पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं जास्त आंबट) ४ च्या आसपास आला की स्वतःच्याच आम्लात अडकून थांबतात, आणि बरीचशी साखर तशीच राहते. ते आम्ल सतत मारायला हवं. त्यासाठी तिसऱ्यांच्या (खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपल्या उत्तम: त्या जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट असतात. उकळून, वाळवून बारीक कुटा आणि लिटरमागे ३० ग्रॅम घाला. भुकटी आम्ल असेल तेवढीच विरघळते, त्यामुळे थोडी जास्त पडली तरी बिघडत नाही. घरात शिंपल्या चालत नसतील तर औषधाच्या दुकानातलं कॅल्शियम कार्बोनेट घ्या. शाळेचा खडू मात्र नको, तो बहुधा जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) असतो आणि जिप्सम आम्ल मारत नाही.

फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, म्हणून झाकण घट्ट लावू नका. दिवसातून तीन-चारदा ढवळा, बाटल्यांतलं पाणी बदला. दोन-तीन दिवसांत फेस थांबतो. मग रस गरम असतानाच गाळा, आटवून एक चतुर्थांश करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. तळाशी बसणारे पांढरे दाणे म्हणजे कॅल्शियम लॅक्टेट. शुद्ध स्वरूपात ते कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि कापलेली फळं कडक ठेवायला वापरतात. घरचे दाणे शुद्ध नसतात, खाऊ नका.

कारखान्यात कॅल्शियम लॅक्टेटवर सल्फ्युरिक आम्ल घालून जिप्सम वेगळं करतात आणि लॅक्टिक आम्ल मिळवतात. त्यातूनच पुढे पीएलए हे प्लास्टिक बनतं. ती पायरी घरी करू नये.