ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांचे आभार कसे मानावेत

आभार मानायचे तर आधी एक नेमकी गोष्ट हाताशी घ्या. मजकुरातल्या तारखा ओळखणारी एक छोटी ओपन सोर्स (जिचा कोड कोणालाही पाहता-वापरता येतो अशी) लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, मी सांभाळते. जिथे काही बिघडतं तिथून बगच्या, म्हणजे कोडमधल्या चुकांच्या, तक्रारी येतात. जिथे सगळं सुरळीत चालतं तिथून काहीच येत नाही. त्यामुळे लोकांना खरोखर काय उपयोगी पडतंय, हे मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, बऱ्याचदा कळतच नाही. एकीने मला लिहिलं होतं, “एररमध्ये ओळीचा नंबर येतो, म्हणून एवढ्या मोठ्या फाइलमधली खराब तारीख लगेच सापडली.” कोड सुटसुटीत करताना तो नंबर काढून टाकावा, असं माझ्या मनात घोळत होतं. तो विचार मी तिथेच सोडला. ‘छान काम’ वाचूनही बरं वाटतंच, पण काय राखायचं हे अशा पत्रातून कळतं.

लिहायला तीन-चार ओळी पुरतात: तुम्ही ते सॉफ्टवेअर कशासाठी वापरता, त्यातला कोणता भाग कामी आला, त्याने काय सोपं झालं. त्याच पत्रात नवी मागणी मात्र घालू नका. ‘खूप आवडलं, फक्त तेवढं एक जोडून द्या’ असं लिहिलंत, की वाचणाऱ्याच्या डोक्यात मागणीच राहते. इश्यू ट्रॅकर, म्हणजे प्रकल्पाच्या तक्रारी (इश्यू) नोंदवायची जागा, तीही टाळा, कारण तिथल्या कमेंटची सूचना तो इश्यू फॉलो करणाऱ्या सगळ्यांना जाते. चर्चेची वेगळी जागा असेल तर तिथे लिहा, नाहीतर ईमेल करा. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमने तर याची सोयच करून ठेवली आहे: बग कळवण्याच्या ‘रिपोर्टबग’ या साधनात ‘कुडोज’ नावाचा पर्याय आहे, त्यातून पॅकेजच्या मेंटेनरला थेट आभार कळवता येतात.

आता तुम्ही स्वतः प्रकल्प सांभाळत असाल तर. इथे आभारांची पहिली जागा म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनातला इतिहास. चॅटमधलं ‘थँक्यू’ आठवड्याभरात वर सरकून जातं, कमिटमधलं (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलातलं) नाव वर्षानुवर्षं राहतं. गिट प्रत्येक कमिटला लेखक आणि कमिट करणारा अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवतं, त्याचा उपयोग करा. कोणाचा पॅच (पाठवलेला बदल) थोडा दुरुस्त करून घेतलात तर लेखक म्हणून त्यांचंच नाव राहू द्या. काम दोघांनी मिळून केलं असेल तर कमिट संदेशाच्या शेवटी एक ओळ मोकळी सोडून ‘को-ऑथर्ड-बाय’, मग नाव आणि ईमेल लिहा. ईमेल त्यांच्या खात्याशी जोडलेला असेल तरच गिटहब (असे प्रकल्प ठेवण्याचं संकेतस्थळ) तो कमिट त्यांच्या नावावर दाखवतं, म्हणून कोणता पत्ता टाकायचा ते आधी विचारून घ्या.

बग शोधणाऱ्याने एक ओळही कोड लिहिलेला नसतो, आणि कित्येकदा अवघड काम त्यानेच केलेलं असतं. बग नेमका कधी उद्भवतो हे हुडकायला वेळ जातो. तेवढं सापडलं की दुरुस्ती काही वेळा दोन ओळींची निघते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये, यासाठी ‘रिपोर्टेड-बाय’, ‘टेस्टेड-बाय’, ‘रिव्ह्यूड-बाय’ (कोणी कळवलं, कोणी चाचणी घेतली, कोणी तपासलं) अशा ओळी लिहितात. छोट्या प्रकल्पालाही त्या तशाच उचलता येतात. बग खासगीत कळवला असेल तर नाव टाकण्याआधी परवानगी घ्यायची, हा कर्नलवाल्यांचा नियमही सोबत उचला. ‘कर्ल’ या इंटरनेटवरून डेटा आणण्या-पाठवण्याच्या साधनाच्या प्रकल्पाची ‘थँक्स’ नावाची फाइल एकदा उघडून पाहाच. त्या लांबलचक यादीत कोड लिहिणाऱ्यांच्या जोडीने बग कळवणारेही आहेत, आणि प्रत्येक रिलीजच्या (नव्या आवृत्तीच्या) टिपणात त्या खेपेला मदत केलेल्यांची नावं येतात.

गिटची ‘शॉर्टलॉग’ कमांड फक्त कमिट मोजते. भाषांतर करणारे, डिझाइन करणारे, नवख्यांच्या प्रश्नांना रोज उत्तरं देणारे तिच्यात बहुधा दिसतच नाहीत. मला हे फार खुपतं. ‘ऑल कॉन्ट्रिब्यूटर्स’ पद्धतीत प्रत्येक प्रकारच्या कामाला एक इमोजी ठरवून दिलेला असतो आणि नावाखाली तो दिसतो. यादी सांभाळायला बॉटही आहे. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या अॅप्समध्ये भाषांतरकारांच्या नावांसाठी स्वतंत्र जागा असते. तुमच्या सॉफ्टवेअरला ‘अबाउट’चा पडदा असेल तर अशी जागा आजच करून ठेवा. नाव कसं लिहायचं, मुळात लिहायचं की नाही, हे ज्याचं त्याला विचारा. पुढे कोणाचं नाव बदललं तर गिटच्या नावं-ईमेल जुळवणाऱ्या ‘मेलमॅप’ फाइलमध्ये एक ओळ घातली की शॉर्टलॉगमध्ये जुन्या कमिटसमोरही नवं नाव दिसतं.

पहिल्यांदा पॅच पाठवणाऱ्याला लवकर उत्तर द्या. नाकारायचा असला तरी का ते लिहा, आणि त्यातलं जे चांगलं आहे त्याचाही उल्लेख करा.

पैशांबद्दल संकोच करू नका. २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला हार्टब्लीड हा गंभीर बग उघडकीस आला, तेव्हा निम्म्या इंटरनेटचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. गिटहब स्पॉन्सर्स किंवा ओपन कलेक्टिव्हवरून दरमहा थोडी रक्कम देता येते, आणि ठरलेली रक्कम येत राहिली की मेंटेनरला पुढचं काम आखता येतं. तुमची कंपनी ते सॉफ्टवेअर वापरत असेल तर तिथे मागा, पैसे नाही तर निदान त्या प्रकल्पासाठी तुमच्या कामाचे काही तास. बक्षीस ठेवायचं तर संख्येवर ठेवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात) टी-शर्टसाठी लोकांनी निरर्थक पुल रिक्वेस्टचा, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्यांचा, पाऊस पाडला, तो निस्तरताना मेंटेनर हैराण झाले, आणि आयोजकांना मध्येच नियम बदलून फक्त स्वतःहून सामील होणाऱ्या प्रकल्पांपुरता तो उपक्रम ठेवावा लागला.

कोणी थांबतंय असं कळलं तर तेव्हाच आभार माना. मेंटेनरांच्या यादीतून नाव पुसू नका. ‘माजी’ असा वेगळा भाग करून तिथे हलवा आणि त्यांनी काय उभं केलं ते एका ओळीत लिहा. सुरक्षेसाठी परवानग्या काढून घ्याव्या लागतातच, पण त्याआधी त्यांना कळवा, आणि परत यावंसं वाटलं तर काय करायचं तेही त्याच निरोपात लिहा.