न्यूयॉर्कच्या प्रायमरीत पाच पसंती कशा ठरवाव्यात

न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदासाठी 24 जून 2025 रोजी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी पक्षाचा उमेदवार कोण हे सामान्य मतदारांनी ठरवले. शहराच्या क्वीन्स या भागात राहणारा मतदार म्हणून मी पाहिलेली ही सर्वांत अटीतटीची लढत होती. या शहरात डेमोक्रॅट म्हणून नोंदलेले मतदार रिपब्लिकनांपेक्षा कितीतरी अधिक आहेत, त्यामुळे महापौर कोण होणार याचा निकाल बहुतेक वेळा जूनमध्येच लागल्यासारखा असतो. तरीही इथल्या मराठी घरांतून नोव्हेंबरमध्ये आवर्जून मत देणारे कितीतरी जण जूनमध्ये मतदान केंद्राकडे फिरकत नाहीत. तिकीटवाटप पक्षश्रेष्ठी करतात आणि आपण फक्त शेवटी मत द्यायचे, ही भारतातली सवय त्यामागे असावी असे मला वाटते. इथे तिकीट देण्याचा अधिकार मतदाराच्या हातात आहे, आणि तो पाच पसंतींच्या रूपाने मिळतो. तो वाया जाऊ नये यासाठी काय करावे, हे पुढे सविस्तर मांडतो.

फेब्रुवारीतच करायचे काम

न्यूयॉर्कची प्रायमरी बंदिस्त असते. डेमोक्रॅटिक प्रायमरीत फक्त डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्या मतदारालाच मत देता येते. कोणत्याही पक्षाची नोंद न केलेल्या मतदाराला ते देता येत नाही. मतदार म्हणून आधीच नोंद असेल आणि पक्ष बदलायचा किंवा प्रथमच निवडायचा असेल, तर तो अर्ज 14 फेब्रुवारीपर्यंत पोहोचावा लागतो. त्यानंतर आलेला बदल जूनच्या प्रायमरीनंतरच लागू होतो. प्रथमच मतदार नोंदणी करणाऱ्याला मात्र मतदानाच्या 10 दिवस आधीपर्यंत मुदत असते आणि पक्ष त्याच अर्जावर निवडता येतो. नागरिकत्वाच्या शपथविधीनंतर तिथेच घाईने भरलेल्या अर्जात पक्षाचा रकाना रिकामा राहिला असण्याची शक्यता असते, म्हणून आपली नोंद निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर हिवाळ्यातच तपासून घ्यावी.

ग्रीन कार्डधारकांना मताचा अधिकार नाही. कायदेशीर रहिवाशांना शहराच्या निवडणुकांत मत देऊ देणारा शहराचा कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द ठरवला. कोणी आग्रह केला तरी नागरिकत्व मिळण्यापूर्वी मत देऊ नये. पुढे नागरिकत्वाचा अर्जच अडचणीत येऊ शकतो.

मोजणी कशी चालते

महाराष्ट्रात विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात ज्यांनी मत दिले आहे, त्यांना पसंतीक्रम नवा नाही. तिथे केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेनने नावांपुढे 1, 2, 3 असे आकडे लिहावे लागतात. न्यूयॉर्कमध्ये आकडे लिहायचे नसतात. नावांच्या ओळी आणि पसंतीचे पाच रकाने असतात, आणि ज्या उमेदवाराला जी पसंती द्यायची त्या रकान्यातला गोल भरायचा असतो. ही पद्धत 2019 च्या सार्वमताने स्वीकारली गेली आणि महापौरपदासाठी 2021 मध्ये प्रथम वापरली गेली. ती शहराच्या पदांच्या प्रायमरीत आणि पोटनिवडणुकांत लागू आहे. राज्याच्या किंवा अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) जागांसाठी नाही.

पहिल्या पसंतीच्या निम्म्याहून अधिक मते कोणालाच मिळाली नाहीत, तर तळाचे उमेदवार बाद होत जातात आणि त्यांची मते त्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीकडे जातात. दोघे उरेपर्यंत हे चालते. ज्या मतपत्रिकेवरची सगळी नावे बाद झाली, ती मतपत्रिका अखेरच्या फेरीत मोजलीच जात नाही, आणि सगळी पद्धत समजून घेण्याची गुरुकिल्ली मला इथेच दिसते. 2021 मध्ये पहिल्या पसंतीत तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या कॅथरिन गार्सिया पुढच्या पसंतींच्या बळावर अंतिम फेरीत पोहोचल्या आणि एरिक ॲडम्स यांच्याकडून केवळ 7,197 मतांनी हरल्या. त्या फेरीपर्यंत बाद झालेल्या मतपत्रिका सुमारे 1,40,000 होत्या. त्या मतदारांपैकी अनेकांना ॲडम्स आणि गार्सिया यांच्यात काहीतरी मत नक्कीच असणार, पण ते मतपत्रिकेवर नोंदवलेले नव्हते.

म्हणून माझे सांगणे असे की पहिली पसंती कोणताही हिशेब न करता, मनापासून द्यावी. मात्र अखेरच्या दोघांत जे राहण्याची शक्यता आहे, त्यांपैकी आपल्याला त्यातल्या त्यात मान्य असलेल्याचे नाव पाचांत कुठेतरी असलेच पाहिजे. ते पाचव्या जागी असले तरी अखेरच्या फेरीत त्याचे वजन पूर्ण एका मताचे असते.

आश्वासने आणि पदाचे अधिकार

2025 ला मतपत्रिकेवर 11 नावे होती. इतक्या जणांचा अभ्यास कसा करावा, या प्रश्नाला माझे उत्तर असे की आधी पदाचा अभ्यास करावा. उमेदवाराच्या आश्वासनांचे दोन भाग करावेत: जे महापौर स्वतःच्या अधिकारात करू शकतो ते, आणि ज्यासाठी ऑल्बनीला, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाकडे आणि राज्यपालांकडे जावे लागते ते. असे केले की बरीच धूळ खाली बसते.

उमेदवारांपैकी झोहरान ममदानी यांच्या तीन मोठ्या आश्वासनांचे उदाहरण घेऊ. सुमारे 10 लाख रेंट स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढीवर नियंत्रण असलेल्या, घरांची भाडेवाढ थांबवण्याचे त्यांचे वचन महापौराच्या आवाक्यातले होते, कारण ती वाढ ठरवणाऱ्या मंडळाचे नऊही सदस्य महापौर नेमतो, आणि एक वर्षाच्या करारांची भाडेवाढ 2015, 2016 आणि 2020 मध्ये शून्यावर ठेवली गेली होती. बस मोफत करण्याचे वचन वेगळ्या जातीचे होते. बस चालवणारी एमटीए ही राज्याची संस्था आहे. राज्य विधिमंडळाचे सदस्य असताना ममदानी यांनी पाच मार्गांवरच्या मोफत बसच्या प्रयोगासाठी प्रयत्न केले होते, तो प्रयोग 2023 मध्ये सुरू झाला आणि वर्षभरात संपला. श्रीमंतांवरील वाढीव प्राप्तिकर तर पूर्णपणे ऑल्बनीच्या संमतीवर अवलंबून होता. याचा अर्थ दुसरे आणि तिसरे वचन खोटे होते असा नाही. ती वचने पुरी करण्यासाठी उमेदवार कोणाशी वाटाघाटी करणार, हे मतदाराने विचारले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

अँड्र्यू कुओमो यांनाही मी हीच कसोटी लावली. 5,000 पोलीस वाढवण्याची त्यांची योजना शहराच्या हातातली होती, आणि 2011 ते 2021 राज्यपाल राहिल्यामुळे ऑल्बनीची खडान्‌खडा माहिती त्यांना होती, हे त्यांचे खरे बळ होते. परंतु लैंगिक छळाच्या आरोपांवरील राज्याच्या महाधिवक्त्यांच्या अहवालानंतर ऑगस्ट 2021 मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. आरोप त्यांनी नाकारले आहेत. तरीही हाताखालच्या माणसांशी वागण्याचा प्रश्न सुमारे तीन लाख कर्मचाऱ्यांच्या प्रमुखाची निवड करताना बाजूला ठेवावा, हे मला पटले नाही.

टपालाने येणाऱ्या रंगीत पत्रकांवर मत बनवू नये. त्या पत्रकांच्या तळाशी पैसे कोणी दिले हे छापलेले असते. बाहेरच्या गटाचे पत्रक असेल तर मोठ्या देणगीदारांची नावेही असतात. आधी ती ओळ वाचावी. शहराचे निवडणूक-निधी मंडळ मतदार-मार्गदर्शिका घरी पाठवते, ती अधिक उपयोगी आहे.

क्रम लावताना

माझ्या यादीत पहिले नाव ब्रॅड लँडर यांचे होते. शहराचे हिशेब तपासण्याचे काम त्यांनी कॉम्प्ट्रोलर म्हणून केले होते, आणि सुमारे 11,500 कोटी डॉलरच्या अर्थसंकल्पाचे बारकावे माहीत असलेला माणूस मला हवा होता. ते जिंकतील अशी चिन्हे नव्हती. बहुतेक जनमत चाचण्यांत कुओमो पुढे आणि ममदानी त्यांच्या मागे होते. एमर्सन कॉलेजच्या शेवटच्या चाचणीत मात्र पसंतीक्रमाच्या अखेरच्या फेरीत ममदानी पुढे गेलेले दिसत होते. अखेरचे दोघे कोण असतील, एवढ्यापुरताच चाचण्यांचा उपयोग करावा. मी दुसरे नाव ममदानी यांचे भरले, तिसरे नगर परिषदेच्या अध्यक्षा एड्रियन ॲडम्स यांचे आणि चौथे झेलनर मायरी यांचे. कुओमो यांचे नाव घेतले नाही. अखेरच्या फेरीतला माझा कौल ममदानी यांच्या नावाने आधीच नोंदला गेला होता, त्यामुळे पाचवा रकाना रिकामा राहिल्याने काही बिघडत नव्हते.

ज्यांना कुओमो अधिक योग्य वाटत होते, त्यांनाही हाच नियम लागू होता. आवडत्या छोट्या उमेदवाराला पहिली पसंती देऊन कुओमो यांना खाली ठेवण्यात कोणताही तोटा नव्हता.

उमेदवारांनी एकमेकांना दिलेला पाठिंबा नीट तपासावा. ममदानी आणि लँडर यांनी 13 जूनला परस्परांना दुसरी पसंती देण्याचे आवाहन केले, आणि लँडर यांच्या मतदारांचा मोठा भाग तसाच वळला: पहिल्या पसंतीत सुमारे 44 टक्के असलेले ममदानी अखेरीस 56 टक्क्यांवर पोहोचले, तर कुओमो 36 वरून 44 वर. उलट जेसिका रामोस यांनी स्वतःचे नाव मतपत्रिकेवर असतानाच कुओमो यांना पाठिंबा दिला. ज्यांनी आपली यादी महिनाभर आधी ठरवली होती, त्यांना ती अशा वेळी पुन्हा पाहावी लागते.

केंद्रावर

यादी कागदावर लिहून न्यावी; तशी मुभा आहे. एका रकान्यात दोन गोल भरले तर ती पसंती आणि तिच्या पुढच्या पसंती बाद होतात. एकाच उमेदवाराला पाचही रकान्यांत भरल्याने त्याचे मत वाढत नाही, फक्त चार संधी वाया जातात. चूक झाल्यास मतपत्रिका यंत्रात घालण्यापूर्वी कर्मचाऱ्याकडून नवी मागून घ्यावी.

क्वीन्समधील मतपत्रिकेवर बंगाली आहे, मराठी नाही. नागरिक झालेल्या आई-वडिलांना इंग्रजी वाचता येत नसेल, तर त्यांना मदतीसाठी स्वतःच्या पसंतीचा माणूस आत नेण्याचा हक्क संघराज्याच्या कायद्याने दिला आहे. मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी तेवढा चालत नाही. मुलाने किंवा सुनेने सोबत जाऊन नावे वाचून दाखवावीत आणि ते सांगतील तोच गोल भरावा, आपल्या मनातला नव्हे.

मुदतपूर्व मतदान नऊ दिवस चालते आणि त्याचे केंद्र बहुधा वेगळे असते, म्हणून पत्ता पुन्हा पाहावा. 2025 ला मतदानाच्या दिवशी पारा 37 अंशांवर गेला होता. ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर आधीच्या एखाद्या दिवसाची सकाळ बरी.

मतदानाच्या रात्री फक्त पहिल्या पसंती जाहीर होतात. कुओमो यांनी त्याच रात्री पराभव मान्य केला, पण पसंतीक्रमाची मोजणी 1 जुलैला आली. पुढे ते अपक्ष म्हणून नोव्हेंबरच्या निवडणुकीत उतरले आणि तिथेही ममदानी यांच्याकडून हरले. त्या निवडणुकीत पसंतीक्रम नसतो. एकाच नावापुढचा गोल भरायचा असतो, आणि त्यासाठी कोणत्याही पक्षाची नोंद लागत नाही.