पेशी मेल्या म्हणजे सिग्नल थांबला असं नाही: पेप्टाइड इनहिबिटर वापरताना या चुका टाळा

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशींना सिग्नल रोखणारं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, दिलं, दोन दिवसांनी एमटीटी (जिवंत पेशी मोजायची चाचणी) केलं, आलेख खाली आला आणि ‘सिग्नलिंग रोखलं’ असं लिहून टाकलं. ही घाई सगळ्यांत महागात पडते.

पेशीत शिरावं म्हणून पेप्टाइडला टॅट (एचआयव्हीच्या प्रथिनातला पेशीत शिरणारा तुकडा) किंवा सलग आर्जिनिन या अमिनो आम्लाची शेपटी जोडतात. तिच्यावर धनभार असतो. त्यात पेप्टाइड हेलिक्ससारखं (मळसूत्रासारखं) वळणारं आणि एका बाजूने पाण्याला दूर सारणारं असेल, तर वाढीव मात्रेत ते पेशीपटलालाच भोकं पाडू शकतं. पेशी मरते खरी, पण फुटून. हे वेळेवरून ओळखता येतं. अपॉप्टोसिसला (पेशीच्या नियोजित मरणाला) सहसा काही तास लागतात. पटल फाटलं तर तासाभरातच माध्यमात एलडीएच (पेशीच्या आतलं एन्झाइम) सापडतं. म्हणून ही तपासणी एमटीटीच्या आधी करा.

कंट्रोल म्हणून तीच अमिनो आम्लं क्रम बदलून जोडलेलं पेप्टाइड सर्रास वापरलं जातं. त्यावर माझा फारसा भरवसा नाही. क्रम विस्कटला की हेलिक्सची ती बाजूही मोडते आणि भोकं पाडायची ताकद जाते. मग कंट्रोल निरुपद्रवी दिसतो, पण भलत्याच कारणाने. बीएच३ पेप्टाइड (पेशीला मरणाकडे ढकलणाऱ्या प्रथिनांतला तुकडा) असेल तर बीसीएल-२ या पेशीचं मरण नियंत्रित करणाऱ्या कुटुंबातल्या प्रथिनाला धरणारं एखादंच कळीचं अमिनो आम्ल बदला. नुसती शेपटीही वेगळी तपासा.

पेशींची निवडही बघून करा. पी५३ (बिघडलेल्या पेशीला थांबवणारं किंवा मारणारं प्रथिन) आणि त्याला दाबणारं एमडीएम२ यांची जोडी तोडणारं पेप्टाइड के५६२ किंवा एचएल-६० या ल्युकेमिया पेशींवर परिणाम दाखवत असेल, तर आनंद नको, शंका घ्या. या दोन्हींत कामाचं पी५३ नाहीच! त्यांना निगेटिव्ह कंट्रोल ठेवा आणि खरा प्रयोग कामाचं पी५३ असलेल्या एमव्ही४-११ पेशींवर करा.

फॉस्फो-प्रथिनं (फॉस्फेट जोडलेली प्रथिनं, सिग्नल चालू असल्याची खूण) पेशी मरायच्या आत मोजा. मरणाऱ्या पेशीत बरेचसे सिग्नल असेही मावळतात. के५६२ मध्ये बीसीआर-एबीएलचा (ल्युकेमिया घडवणाऱ्या जोडप्रथिनाचा) मार्ग तपासताना फॉस्फो-स्टॅट५ आणि फॉस्फो-सीआरकेएल पहिल्या काही तासांतच बघा, शेजारी इमॅटिनिबचा (बीसीआर-एबीएल रोखणाऱ्या औषधाचा) नमुना हवाच. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) फॉस्फटेज इनहिबिटर (फॉस्फेट निघू न देणारं रसायन) विसरलात तर ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांत दाखवणारी चाचणी) फुकट.

उलट, काहीच परिणाम दिसत नसेल तर आधी माध्यमातल्या सीरमकडे (रक्तातल्या द्रवाकडे) बघा. त्यातले प्रोटिएज (प्रथिनं कापणारी एन्झाइम) साधं पेप्टाइड लवकर चिरतात. सीरममध्ये ३७ अंशांवर ठेवून ठरावीक वेळाने मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचं वजन मोजून) किती पेप्टाइड शाबूत आहे ते बघा. सीरम काढून टाकणं हा उपाय नव्हे. त्याने पटल फाटण्याचा धोका वाढतो. पेप्टाइड एंडोसोममध्येही (पेशीतल्या छोट्या पिशव्यांत) अडकलेलं असू शकतं. फ्लोरेसन्स (पेप्टाइडला जोडलेल्या रंगाची चमक) बघायचा तर जिवंत पेशींत, कारण फिक्स केल्यावर (पेशी रसायनाने स्थिर केल्यावर) बाहेर चिकटलेलं पेप्टाइडही केंद्रकात पोहोचल्यासारखं दिसतं.

आणि कुपीतली भुकटी म्हणजे निव्वळ पेप्टाइड नसतं. त्यात पाणी आणि क्षार असतात, बहुतेकदा शुद्धीकरणातलं ट्रायफ्लुओरोअॅसिटेटही, आणि त्याचा पेशींवर स्वतःचा परिणाम होऊ शकतो. मात्रा निव्वळ पेप्टाइडच्या टक्केवारीवरून काढा आणि मागवतानाच अॅसिटेट क्षार मागा.