वाडा, महाल, गढी, हवेली : शब्द निवडताना या चुका टाळा

पर्यटनाची माहितीपत्रकं, बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिराती आणि हौशी इतिहासलेखन यांत एक गंमत नेहमी दिसते. पहिल्या ओळीत जो ‘भव्य वाडा’ असतो, त्याचा दुसऱ्या ओळीत ‘महाल’ होतो आणि परिच्छेद संपेपर्यंत त्याची ‘हवेली’ झालेली असते. तोच शब्द पुन्हा नको म्हणून दुसरा वापरायचा, ही शाळेतल्या निबंधाची सवय. इथे मात्र ती नडते, कारण यातला प्रत्येक शब्द वेगळ्या घराचा आहे. घर किती मोठं यापेक्षा ते कुणाचं, कुठलं आणि कसं बांधलेलं, यावर शब्द ठरतो.

सगळ्यात जास्त घोळ ‘वाडा’ या शब्दाचा. वाडा म्हणजे श्रीमंताचं घर, एवढंच धरून लिहिलं की पुढचं सगळं चुकत जातं. संस्कृतात ‘वाट’, ‘वाटक’ म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. वाडा तिथून आला. म्हणून मेंढरांचाही वाडा असतो, कुंभारवाडा ही वस्ती असते आणि मराठवाडा हा तर अख्खा प्रांत. या सगळ्यांत समान आहे तो वेढा. वैभव असेलच असं नाही. चौक मधोमध, भोवती सोपे म्हणजे चौकाकडे उघड्या पडव्या, ओसरी, माजघर, पुढे देवडी म्हणजे दरवाजालगतची पहाऱ्याची जागा, आणि बाहेरून जवळजवळ बंद भिंत, अशी रचना असली की तो वाडा. ‘चौसोपी वाडा’ म्हणजे चार मजली, असा अर्थ लावलेला मी छापील मजकुरात वाचला आहे. चौकाच्या चारही बाजूंना सोपे असलेला तो चौसोपी. मजला एकच असला तरी चालतो.

पुण्याबद्दल लिहिताना आणखी एक घसरण होते. ‘आमचं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं’ असं कुणी म्हटलं की लेखक लगेच त्याच्या घराण्याला सरंजामी ठरवतो. विसाव्या शतकातल्या पुण्यात वाडा म्हणजे बहुधा एका मालकाच्या छपराखाली भाड्याने राहणारी पाच-पंचवीस बिऱ्हाडं, सामाईक नळ आणि सामाईक संडास. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांना डागडुजी परवडेना, आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे कितीतरी वाडे पाडले. ‘वाडा संस्कृती’ म्हणून ज्याची आठवण काढली जाते, ती या भाडेकरूंची. त्यात दिवाणखान्याची झुंबरं शोधू नयेत.

‘वाडी’ म्हणजे छोटा वाडा, हाही असाच एक गैरसमज. वाडी ही लहान वस्ती, कोकणात नारळी-पोफळीची बाग, आणि गिरगावात खोताची वाडी, फणसवाडी अशी घरांची गल्लीवजा आळी.

आता महाल. मराठीत महाल हा बहुतेक वेळा मोठ्या वास्तूचा भाग असतो, एखादं दालन किंवा स्वतंत्र इमला. शनिवारवाड्यात गणपती रंगमहाल होता, हस्तिदंती महाल होता, आरसेमहाल होता. १८२८ च्या आगीत आतलं हे सगळं गेलं आणि तटबंदी, दरवाजे उरले. तेव्हा ‘शनिवारवाडा हा पेशव्यांचा महाल’ हे वाक्य खटकतं. वाड्यात महाल होते, हे बरोबर. पुण्याचा लाल महाल किंवा चांदवडचा रंगमहाल ही पूर्ण वास्तूची नावं आहेत, ती विशेषनामं म्हणून तशीच ठेवावीत. हिंदीतून उतरवताना मात्र ‘शीशमहल’सारखी रूपं मराठी वर्णनात टाकू नयेत, आपल्याकडे आरसेमहाल आहेच.

जुन्या कागदपत्रांत ‘महाल’ दिसला की लगेच राजा-राणी डोळ्यांसमोर आणायची घाई नको. तो महसुली विभाग असू शकतो. महालकरी हा अधिकारी त्याचाच, आणि गुजरातेतला पंचमहाल जिल्हाही. हवेलीचंही तेच. पुण्याचा हवेली तालुका कुठल्या टोलेजंग घरावरून ओळखला जात नाही. मुख्य ठाण्याभोवतीच्या मुलखाला हवेली म्हणत. घर या अर्थाने हवेली राजस्थान, गुजरात, पंजाबकडच्या सावकारांची. साताऱ्याच्या देशमुखांच्या घराला हवेली म्हटलं की ते हिंदी मालिकेतलं वाटू लागतं.

राजवाडा या शब्दात ‘राज’ आहे, हे विसरलं जातं. पेशवे कितीही प्रबळ असले तरी पदाने प्रधान. छत्रपतींची गादी साताऱ्याला. त्यामुळे पेशव्यांचं घर वाडाच राहिलं. इंदूरला होळकरांचा राजवाडा, कोल्हापूरला जुना राजवाडा, हे योग्य. पण याच शब्दाचा दुसरा पदर माहीत नसेल तर गावाबद्दल लिहिताना मोठी चूक होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या काही गावांत दलित वस्तीला राजवाडा म्हणत आले आहेत. अशा गावातला माणूस ‘मी राजवाड्यातला’ म्हणाला आणि लेखकाने त्याला संस्थानिकाचा वंशज केलं, तर ती चूक नुसती भाषेची राहत नाही. २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तरी जुन्या आठवणींतून आणि लेखनातून जुनी नावं भेटतच राहणार.

गढी म्हणजे छोटा गड नव्हे आणि नुसता वाडाही नव्हे. मराठवाडा, खानदेश, विदर्भात पाटील-देशमुखांनी पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि बुरूज उभारून आत राहतं घर केलं, ती गढी. बुरूज आणि तट नसेल तर गढी म्हणू नये.

कोठीचा घोळ थेट हिंदीतून आलेला. तिकडे कोठी म्हणजे बंगला, आपल्याकडे धान्याची साठवण. ‘त्यांनी दिल्लीत कोठी घेतली’ या वाक्यावर मराठी वाचक क्षणभर थांबतोच. ‘बंगला’ लिहा, काही बिघडत नाही.

संस्कृत शब्दांचा सोस असेल तर प्रासाद सांभाळून वापरावा. एक काना गळला की राजाचा ‘प्रसाद’ होतो. शिवाय शिल्पशास्त्राच्या ग्रंथांत प्रासाद म्हणजे मंदिरही असतं, तेव्हा संदर्भ बघूनच ‘राजवाडा’ असा अर्थ घ्यावा. आणि ‘प्रासादिक’ हा शब्द प्रासादापासून आलेला नाही, तो प्रसादापासून आला. संतांची वाणी प्रासादिक असते, म्हणजे सहज, प्रसन्न. ‘प्रासादिक सदनिका’ असा शब्दप्रयोग जाहिरातीत करणाऱ्याला अभिप्रेत असतं काहीतरी आलिशान, आणि लिहिलं जातं भलतंच.

व्याकरणातल्या चुका किरकोळ दिसतात, पण त्याच जास्त सापडतात. ‘शनिवारवाडामध्ये’, ‘राजवाडाच्या समोर’ असं लिहिणं सर्रास झालंय. वाडा या शब्दाला प्रत्यय लागताना सामान्यरूप ‘वाड्या’ होतं : शनिवारवाड्यामध्ये, राजवाड्यासमोर. नाव जोडून लिहावं, मध्ये जागा सोडू नये. आणि ‘वर’ व ‘त’ यांतला फरक पाळावा. ‘शनिवारवाड्यावर सभा झाली’ म्हणजे समोरच्या पटांगणात. ‘शनिवारवाड्यात’ म्हटलं की तटाच्या आत. गावात ‘पाटलांनी वाड्यावर बोलावलंय’ म्हटलं की काम किंवा हुकूम असतो, आणि ‘वाड्यात राहतो’ म्हणणारा तिथे घरचा असतो, नाहीतर भाडेकरू.