कर्नल स्वतः कंपाइल करताय? नेटवर्क कार्डाच्या बाबतीत या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेत वळीव कोसळायला लागला की संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार वाढते: लॅनचा पोर्ट गेला. एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून ओढलेली केबल असते, जवळपास वीज पडते आणि मदरबोर्डवरची नेटवर्कची चिप जळते. मग रिकाम्या स्लॉटमध्ये वेगळं कार्ड बसवतात. यंत्रावर उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींसोबत आलेला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असेल तर ते कार्ड बहुतेक वेळा आपोआप चालू होतं, कारण त्या कर्नलसोबत शेकडो ड्रायव्हर, म्हणजे उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम, मॉड्यूल (लागेल तेव्हा जोडायचे तुकडे) म्हणून येतात. पण कर्नल आपण स्वतः, त्या एका यंत्रापुरता छाटून कंपाइल केलेला, म्हणजे सोर्स कोडपासून बनवलेला, असेल, तर नवीन कार्ड त्याच्या गावीही नसतं.

आवाजाचा ड्रायव्हर राहिला तर नेटवरून शोधून दुरुस्त करता येतो. नेटवर्कचाच राहिला तर शोधायचं कशाने आणि पॅकेज उतरवायचं कुठून? दुरुस्तीची वाटच बंद होते. म्हणून या कामातल्या बहुतेक चुका रीबूट करण्याआधीच टाळाव्या लागतात.

डब्यावरचं नाव वाचून ड्रायव्हर निवडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. कार्डाच्या डब्यावर एका कंपनीचं नाव असतं, आतली चिप दुसरीची असते. कर्नलला डब्याशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त चिपचा क्रमांक कळतो. यूएसबी वायफाय डोंगलमध्ये तर मॉडेलचं नाव तेच राहतं आणि आवृत्ती बदलली की आतली चिप वेगळी निघते.

क्रमांक बघायला टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही कमांड द्या. इथरनेट कंट्रोलरच्या ओळीत चौकोनी कंसात दोन आकडे कोलनने जोडलेले दिसतील. १०ईसी:८१६८ दिसलं तर ती रियलटेकची आरटीएल८१११/८१६८ घराण्यातली चिप, आणि तिचा ड्रायव्हर आर८१६९. जुन्या १००-मेगाबिट कार्डांवर १०ईसी:८१३९ दिसतं, त्याला साधारणपणे ८१३९टू लागतो. त्याच ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहून आत्ता चालू असलेल्या ड्रायव्हरचं नाव येतं. जुना कर्नल चालू असतानाच ही माहिती कागदावर किंवा मोबाइलमध्ये उतरवून घ्या. यूएसबी उपकरणासाठी ‘एलएसयूएसबी’ ही कमांड क्रमांक दाखवते आणि ‘एलएसयूएसबी -टी’ चालू ड्रायव्हर दाखवते.

इंटेलच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो, कारण नावं एकमेकांसारखी आहेत. ई१००० हा जुन्या पीसीआय कार्डांचा, ई१०००ई पीसीआय-एक्स्प्रेसवरच्या डेस्कटॉप-लॅपटॉप चिपचा, आयजीबी बहुतेक सर्व्हरच्या गिगाबिट कार्डांचा आणि आयजीसी हा आय२२५, आय२२६ या २.५ गिगाबिटच्या चिपचा. ‘इंटेल आहे ना, मग ई१००० चालेल’ असं म्हणून बाकीचे बंद करू नका.

कर्नलची आवृत्तीही बघा. रियलटेकची २.५ गिगाबिटची आरटीएल८१२५ ही चिप आर८१६९ ड्रायव्हरला कर्नल ५.४ पासून कळते, तिचीच बी आवृत्ती ५.९ पासून. प्रोजेक्टसाठी कुणी जुन्या आवृत्तीचा कर्नल घेऊन नव्या मदरबोर्डवर बसवू लागला तर पर्यायांच्या मेन्यूत सगळं बरोबर निवडूनही कार्ड उठणार नाही.

‘लोकलमॉडकॉन्फिग’वर डोळे झाकून विसंबणं

सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांना मी हे दरवेळी आवर्जून सांगतो. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ फार उपयोगाची सोय आहे. आत्ता लोड झालेली मॉड्यूल बघून ती बाकीची सगळी बंद करते, त्यामुळे जुन्या यंत्रावरही कंपाइल लवकर होतं. पण ‘आत्ता लोड झालेली’ हे शब्द नीट वाचा. त्या वेळी यूएसबी-लॅन डोंगल काढलेला असेल तर त्याचा ड्रायव्हर आर८१५२ गेला. मोबाइलचं टेदरिंग (केबलने फोनचं नेट वापरणं) बंद असेल तर त्याचा ड्रायव्हर आरएनडीआयएस होस्ट गेला. व्हीपीएन जोडलेलं नसेल तर त्याचीही मॉड्यूल जातात. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून ती कमांड देण्याआधी जे जे कधी जोडाल ते सगळं एकदा जोडून चालू करून घ्या: डोंगल, फोनचं टेदरिंग, प्रिंटर, पेन ड्राइव्ह. नंतर मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत, जाऊन ‘यूएसबी नेटवर्क अॅडॉप्टर्स’ या भागात आरएनडीआयएस, सीडीसी इथरनेट आणि आर८१५२ हाताने तपासा. कार्ड बंद पडलं तरी फोन केबलने जोडून नेट मिळवायचा हाच शेवटचा आधार असतो. माझ्या मते तो कुठल्याच कर्नलमधून छाटू नये. जागा वाचते ती नगण्य आहे.

याच चुकीचं दुसरं रूप व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) दिसतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या आत लिनक्सला बहुधा इंटेलचं ८२५४०ईएम कार्ड, म्हणजे ८०८६:१००ई, दिसतं आणि ई१००० चालतो. तिथे छाटलेली कॉन्फिग फाइल (निवडलेल्या पर्यायांची यादी) खऱ्या संगणकावर आणली की त्यात रियलटेकचं नावच नसतं. तेच केव्हीएम या दुसऱ्या प्रकारच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हर्टिओ-नेट या आभासी कार्डाचं होतं. छाटणी ज्या यंत्रासाठी करायची त्याच यंत्रावर करा.

मेन्यूत ड्रायव्हर दिसत नाही म्हणून ‘नाहीच’ असं समजणं

इथरनेटचे ड्रायव्हर कंपनीनुसार गटांत ठेवलेले आहेत. ‘डिव्हाइस ड्रायव्हर्स’, मग ‘नेटवर्क डिव्हाइस सपोर्ट’, मग ‘इथरनेट ड्रायव्हर सपोर्ट’, आणि आत ‘रियलटेक डिव्हाइसेस’ अशा पायऱ्या आहेत. गटाची खूणच बंद असेल तर खालचा ड्रायव्हर दिसत नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून आर८१६९ असं शोधलं की तो कुठे आहे, कशावर अवलंबून आहे आणि त्यातलं काय बंद आहे हे सगळं एका पडद्यावर मिळतं. पीसीआयचाच आधार बंद असेल तर तेही तिथे कळतं.

कॉन्फिग फाइल मजकूर संपादकात उघडून ओळ हाताने लिहिणं टाळा. अवलंबून असलेल्या गोष्टी पूर्ण नसतील तर पुढच्या ‘मेक’ला ती ओळ गुपचूप निघून जाते आणि तुम्ही मात्र लिहिली होती या भरवशावर राहता.

वायफायचा एक वेगळा सापळा आहे. इंटेलच्या कार्डांसाठी फक्त आयडब्ल्यूएलवायफाय निवडून भागत नाही. चिपच्या पिढीप्रमाणे त्याच्याखालचं डीव्हीएम किंवा एमव्हीएमही लागतं. ते नसेल तर ड्रायव्हर लोड होतो, पण वायफायचा इंटरफेस तयार होत नाही.

वाय की एम? आणि फर्मवेअर कुठे आहे?

ड्रायव्हर कर्नलच्या आत घालायचा, म्हणजे वाय, की वेगळं मॉड्यूल ठेवायचं, म्हणजे एम, यावर मुलं बराच वेळ वाद घालतात. घरच्या किंवा दुकानातल्या संगणकासाठी माझं स्पष्ट मत आहे: नेटवर्कचा ड्रायव्हर एम ठेवा. कारण फर्मवेअर.

बऱ्याच चिपना, विशेषतः वायफायच्या, सुरू होताना कंपनीची फर्मवेअर फाइल लागते. ती डिस्कवर ‘लिब’मधल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये असते. ड्रायव्हर कर्नलच्या आतच असेल तर तो डिस्क माउंट होण्याआधी जागा होतो, फाइल मागतो, ती सापडत नाही आणि तो हात टेकतो. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, तेव्हा ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड... फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ येते. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, एवढंच. मॉड्यूल असेल तर तो डिस्क तयार झाल्यावर लोड होतो आणि हा प्रश्न येत नाही. वायच ठेवायचं असेल तर ‘एक्स्ट्रा फर्मवेअर’ या पर्यायात फाइलचं नाव देऊन ती कर्नलच्या आत घालावी लागते.

फाइल जागेवर दिसते आणि तरीही उणे दोन येतं, असंही होतं. फाइलच्या नावाचं शेपूट बघा. उबुंटू २४.०४ मध्ये फर्मवेअर झेडस्टँडर्डने दाबून ठेवलेलं असतं, नावाच्या शेवटी ‘झेडएसटी’ लागलेलं असतं. तुमच्या कर्नलमध्ये फर्मवेअर लोडरचा कॉम्प्रेशनचा पर्याय आणि त्यातलं झेडस्टँडर्ड चालू नसेल तर कर्नलला ती फाइल वाचता येत नाही. हा पर्याय कर्नल ५.१९ पासून आहे. आणि ‘एक्स्ट्रा फर्मवेअर’मधून आत घालायची फाइल मात्र उलगडलेलीच लागते, दाबलेली चालत नाही.

वाय अनिवार्य असलेला एक प्रसंग आहे: लॅबमधले डिस्क नसलेले संगणक, जे एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या पद्धतीने, बूट होतात. इनिटरॅमएफएस (बूट होताना सगळ्यात आधी उघडणारी छोटी फाइल प्रणाली) वापरत नसाल तर तिथे कार्डाचा ड्रायव्हर, आयपी आपोआप मिळवण्याचा कर्नलचा पर्याय आणि एनएफएसवरच्या रूटचा पर्याय हे तिन्ही आतच हवेत.

वाय केलेला ड्रायव्हर ‘एलएसमॉड’मध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलच्या यादीत, दिसत नाही. तो तिथे नाही म्हणून पुन्हा कंपाइल करायला बसू नका. ‘इथटूल -आय’ आणि इंटरफेसचं नाव दिलं की कोणता ड्रायव्हर चालू आहे ते कळतं.

जुन्या कर्नलवरच घाव घालणं

त्याच आवृत्तीचा कर्नल पुन्हा कंपाइल केला आणि नाव बदललं नाही, तर ‘मॉड्यूल्स इन्स्टॉल’ जुन्याच फोल्डरवर नवीन मॉड्यूल लिहितं. मग परतीसाठी ठेवलेला जुना कर्नलही बिघडतो: मॉड्यूल लोड करताना ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ किंवा चिन्हांची आवृत्ती जुळत नसल्याची तक्रार येते. ‘लोकलव्हर्जन’ या पर्यायात दरवेळी वेगळं शेपूट द्या, समजा -सांगली१, पुढच्या वेळी -सांगली२. दोघांची फोल्डर वेगळी राहतात. बूट झाल्यावर ‘यूनेम -आर’ जे नाव सांगतं तेच फोल्डर ‘लिब/मॉड्यूल्स’मध्ये आहे ना, हे पहिलं तपासा.

इनिटरॅमएफएस नव्याने तयार करायला विसरू नका. हाताने बनवत असाल तर रियलटेकसाठी आर८१६९ सोबत ‘रियलटेक’ नावाचं फायचं, म्हणजे केबलशी जोडणाऱ्या भागाचं, मॉड्यूलही त्यात घाला. ते राहिलं तर डीमेसेज स्पष्ट सांगतो की ‘रियलटेक.केओ’ लोड झालेलं नाही, बहुधा इनिटरॅमएफएसमध्ये घालायला हवं. इतका सरळ संदेश क्वचित मिळतो, तरी लोक तो न वाचता कार्ड बदलायला निघतात. बूट विभाजन लहान असेल तर डीबगच्या माहितीने फुगलेल्या मॉड्यूलमुळे इनिटरॅमएफएस मावत नाही. त्यावर ‘इन्स्टॉल मॉड स्ट्रिप’ची किंमत १ देऊन मॉड्यूल इन्स्टॉल करा.

उबुंटूची कॉन्फिग फाइल घेऊन कंपाइल करताना ‘कॅनॉनिकल सर्ट्स’ची (उबुंटूच्या कंपनीच्या प्रमाणपत्रांची) फाइल नाही म्हणून काम मध्येच थांबतं. ‘सिस्टिम ट्रस्टेड कीज’ आणि ‘रिव्होकेशन कीज’ या ओळी रिकाम्या केल्या की ते पुढे जातं. नेटवर्कशी याचा संबंध नाही, पण सगळे अडकतात.

दुरून रीबूट करणं

समजा मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात बिलिंगचा सर्व्हर आहे, तुम्ही घरून एसएसएचने (दुरून टर्मिनल वापरायची सोय) शिरून नवा कर्नल टाकला आणि रीबूट दिलं. कार्ड उठलं नाही तर दुकानात हळदीचे सौदे चालू आणि बिलं बंद. अशा यंत्रावर ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ‘ग्रब-रीबूट’ने नवा कर्नल फक्त एका बूटसाठी निवडा. त्यासाठी ग्रबच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट ‘सेव्ह्ड’ असावा लागतो आणि सेव्ह केलेली नोंद जुन्या कर्नलची असावी लागते. मग नेट गेलंच तर दुकानातल्या माणसाला फोनवर एवढंच सांगायचं, ‘भाऊ, बटण दाबून बंद करा आणि परत चालू करा.’ यंत्र जुन्या कर्नलवर परत येतं. आणि हे काम सौदे उरकल्यावरच करा.

गेलंच नेट, तर कुठून सुरुवात करायची

अंदाजाने कॉन्फिग बदलत बसू नका. ‘आयपी लिंक’ द्या आणि बघा.

इंटरफेसच दिसत नसेल तर दोष ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा. डीमेसेजमध्ये ड्रायव्हरचं नाव शोधा. एलएसपीसीआयमध्ये चिप दिसते पण ‘ड्रायव्हर इन यूज’ची ओळ नाही, म्हणजे कोणीच तिला हात लावलेला नाही. एलएसपीसीआयमध्ये चिपच दिसत नसेल तर बायोसमध्ये ती बंद आहे का ते बघा. तिथे चालू असेल तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा जळलं आहे, आणि तिथे कर्नल काही करू शकत नाही.

इंटरफेस आहे पण ‘नो-कॅरियर’ लिहिलंय, तर आधी केबल आणि स्विचचा पोर्ट बदलून बघा. विजेच्या दणक्यानंतर स्विचचा एखादाच पोर्ट मेलेला असतो.

कॅरियर आहे, आयपी मिळत नाही, तर दोन शक्यता. एक, नाव बदललं आहे. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं की ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० होतं आणि नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये जुनंच नाव राहतं. तिथे मॅक पत्त्याने (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाने) जुळवणी करा, मग स्लॉटचा प्रश्न उरत नाही. दुसरी, कर्नलमध्ये ‘पॅकेट सॉकेट’चा पर्याय बंद झाला आहे. आयपी आपोआप मिळवून देणाऱ्या डीएचसीपीला तो लागतो. हाताने दिलेला स्थिर आयपी चालतो आणि आपोआप मिळत नाही, असं दिसलं तर हेच पहिलं बघा.

आयपी मिळालाय, राउटरला पिंग जातो, पण साइट उघडत नाही, तर कर्नल सोडून द्या आणि डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय, बघा.

कुणाची मदत घ्यायची असेल तर पडद्याचा फोटो पुरत नाही. एलएसपीसीआयचं उत्तर, पूर्ण डीमेसेज आणि कॉन्फिग फाइल या तीन गोष्टी पेन ड्राइव्हवर घेऊन जा. यंत्र मदत करणाऱ्याकडेच ठेवायचं असेल तर सोबत लिनक्स-फर्मवेअरचं पॅकेजही न्या, म्हणजे नेट नसतानाही काम सुरू करता येतं.