बर्त मोरिसोंच्या नदीचित्राची प्रत करताय? पाण्यातल्या या चुका टाळा

फ्रेंच चित्रकार बर्त मोरिसोंचं ‘लोरियाँचं बंदर’ (१८६९) वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. उजवीकडे दगडी कठड्यावर त्यांची बहीण एद्मा छत्री घेऊन बसली आहे. बाकी सगळा पसारा नदीच्या पाण्याचा आणि आकाशाचा. चित्रकार एदुआर माने यांना हे चित्र इतकं आवडलं की मोरिसोंनी ते त्यांनाच देऊन टाकलं. तैलरंगात प्रत करताना बिघडतं ते बहुतेक वेळा पाणीच.

आधी माप. मूळ कॅनव्हास ४३.५ × ७३ सेंमी आहे. ए-थ्रीच्या प्रमाणात बसवलात तर नदीची रुंदीच हरवते. निम्म्या आकारासाठी २२ × ३७ सेंमी घ्या.

पाणी म्हटलं की हात निळ्या ट्यूबकडे जातो. इथे पाण्यात आकाश आहे. टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा), चिमूटभर यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) घालून आकाशाचा करडा रंग बनवा. तोच जरा गडद करून पाण्याला वापरा. जवळचं पाणी दूरच्यापेक्षा किंचित गडद ठेवा, नाहीतर ते भिंतीसारखं उभं राहतं.

सगळ्यात जास्त फसतात ती प्रतिबिंबं. कठडा तिरका जातो म्हणून होडीचं प्रतिबिंबही तिरकं ओढलं जातं. पण खरं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खालीच पडतं, पाणी हललं तर तुटतं, पण सरकत नाही. उजळ भिंत पाण्यात थोडी गडद दिसते, काळपट होडी थोडी उजळ. शंका आली तर मूळ चित्राचा आणि प्रतीचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून शेजारी ठेवा.

फॅन ब्रशने (पंख्यासारख्या पसरट ब्रशने) पाणी गुळगुळीत करू नका. सहा नंबरचा फ्लॅट हॉग ब्रश (डुकराच्या राठ केसांचा चपटा ब्रश) टेकवा, ओढा, उचला. दर दोन-तीन फटकाऱ्यांनी फडक्याला पुसा. रंग चिखलट झाला तर वरून आणखी थर देऊ नका, त्यानं चिखल वाढतो. पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या पात्याने) खरवडा, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, मग नव्याने लावा.

सगळ्यात उजळ पांढरा एद्माच्या पोशाखासाठी राखा. तो पाण्याच्या चमकेवर आधीच खर्च झाला की पोशाख मळका वाटतो. चेहऱ्याला मोजके फटकारे पुरतात. पापण्या रंगवू नका.

पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्यात थोडं जवसाचं तेल. उलट केलंत तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडे जातात. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात रंग उशिरा सुकतो, म्हणून पुढचा थर देण्याआधी कोपऱ्यात बोट टेकवून बघा. चिकट लागलं तर थांबा.